पहिले मगर, मंग चहा

उमरेड रोडवरच्या आमच्या रिसॉर्टच्या तलावातली मगर मले घाबरते. म्हणजे असा माझा अंदाज आहे, कारण तिले मी दिसंन इतक्या जवळ मी कधी गेलोच नाही.

पाहुण्यांले तिच्याबद्दल सांगणं हे काम माझ्या दोस्ताचं, दिनकरचं. मागच्या महिन्यात धंतोलीच्या दवाखान्यात तो वारला, अन् काम माझ्या गळ्यात पडलं. शेवटच्या भेटीत त्याच्या नाकात नळी होती, तरी विचारे, "गेटवर कोण आहे गा?" म्हटलं, "कोणी नाही, मी तं इथं आहो." म्हणे, "मंग इथं काहून बसला? जाय." माणूस स्वतः निघून राहिला अन् मलेच हाकलून राहिला...

दिनकर गांधीबागेतल्या कापडवाल्याचा पोरगा. त्याच्या बापाची रीत होती, गिऱ्हाईकासमोर तागा उलगडला का पहिले डाग दाखवाचा, मंग रंग. दुकान भावाकडं गेलं, दिनकरनं तलावाजवळ खोल्या बांधल्या, पण रीत तीच. गाडी गेटात शिरली का चाबी नाही, चहा नाही. पहिले लाल कापड बांधलेल्या तारेपाशी नेणार. "पाण्यात मगर आहे. आजवर माणसाले धरलं नाही, पण तसं तिनं लिहून नाही देल्लं. लेकरं पलीकडं जाऊ देऊ नका. आता चहा घ्या." काही लोकं तिथूनच गाडी वळवत. मले राग ये. म्हणो, "अबे, तागा खपला नाही तं परत गुंडाळता येते. पाहुणा गेल्यावर काय गुंडाळू?" तो म्हणे, "अन् न सांगता कोणाचं लेकरू गेलं, तं काय गुंडाळशील?"

एकदा तो उमरेडले भाजी आणाले गेला, गेटवर मी. मी सांगतलं, मगर अख्खी म्हैस गिळते, दात कोयत्यावाणी. पाहुणे घाबराचे सोडून मोबाईल काढून तार ओलांडाले लागले. त्यांच्या मागं पळता पळता मीच चिखलात फसलो. दिनकर आला, पहिले लेकरं अलीकडं आणली, मंग मोठी माणसं, सगळ्यात शेवटी मले ओढलं. म्हणे, "तुले मगरीचं सांगाले ठेवलं का तिची जाहिरात कराले?" चिखलात बसूनच हासलो दोघंही, पोट दुखेपर्यंत.

उन्हानं विटलं का तारेवरचं लाल कापड आता मीच बदलतो. गाठ त्याच्यासारखी बसत नाही.

परवाच्या रविवारी एक कुटुंब आलं. म्हटलं, दिनकरची आठवण काढूनच सुरुवात करू. त्याचं दुकान सांगतलं, आमची दोस्ती सांगतली, मी चिखलात कसा फसलो ते सांगतलं. लोकं हासून राहिले, मी रंगून राहिलो... अन् त्यांचं लहानं पोरगं तारेखालून वाकून राहिलं. दिनकरची बायको, आमची वहिनी, स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. पोराचं मनगट धरलं, "पाण्यात मगर आहे, तारेच्या अलीकडं राहा," एवढंच पाहुण्यांले सांगतलं, अन् माझ्याकडं वळली.

"भाऊजी, मगरीचं सांगत जा. तुमचं कोणी विचारलं नाही."