कुत्र्याने आणलेली पांढरी कोंबडी

माझ्या एकवीस गावरान कोंबड्या सरकारी माणसांनी पोत्यांत घालून नेल्या, तेव्हा त्यांतली एकही आजारी नव्हती. आमची वस्ती करकंबच्या अलीकडे. तळ्यापलीकडे एकाची मोठी पोल्ट्री, पांढऱ्या कोंबड्यांच्या तीन शेड. तिथे बर्ड फ्लू निघाला आणि भोवतालच्या सगळ्या घरांतली पाखरे मारायचा आदेश आला. त्याच दिवशी पोल्ट्रीवाल्याने मारुतीच्या पारावर सगळ्यांदेखत सांगितले, की रोग माझ्यामुळे आला. म्हणे, माझ्या कोंबड्या तळ्यावर रानबदकांत चरतात, त्यांनीच तो आणला. लोकांनी माना डोलावल्या. ज्यांच्या कोंबड्या गेल्या त्या शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, हळदीकुंकवालाही बोलावले नाही. मी ठरवले, की त्याच पारावर, त्याच्याच तोंडून उलटे वदवून घ्यायचे.

दीड महिन्याने सोलापुरातून संशोधक आले. हा रोग पाखरांतून, पाण्यातून, मातीतून कसा फिरतो ते शोधत होते. तळ्याचा गाळ बाटल्यांत भरला, खाद्याच्या गाडीच्या टायरांवरून कापसाचे बोळे फिरवले. त्यांच्यातल्या एक बाई घरोघर विचारत होत्या, पहिले पाखरू कधी मेले? कुणाला आठवेना. मी खुराड्याची वही काढली. कोण खुडूक बसली, किती पिल्ले निघाली, मुंगसाने काय नेले, हे मी रोज लिहिते, घरातले हसतात. एका मंगळवारी लिहिले होते: ‘कुत्र्याने तळ्याकडून मेलेली पांढरी कोंबडी आणली. आपली नव्हे. पुरली.’ गुरुवारी आणखी दोन. पोल्ट्रीवाल्याने आजार कळवला, त्याच्या अकरा दिवस आधी.

उघड्या हातांनी पुरली म्हणून बाई आधी मलाच रागावल्या. मग मी त्यांना काठावर नेले. झुडपांत खाद्याची फाटकी पोती आणि पिसे पडली होती. त्यांनी नमुने घेतले, वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. रोग शेडमध्ये कुठून शिरला ते तपासणीनंतरही कदाचित सांगता येणार नाही, रानपाखरांतूनही आला असेल, असे त्या म्हणाल्या. पण माझ्या कोंबड्यांनी आणला, याला कसलाच आधार नव्हता. मला तेवढे पुरे होते.

चार दिवसांनी पोल्ट्रीवाला दारात आला. चहा विचारला नाही.

“वैनी, त्या वहीतलं पान तेवढं फाडा की. त्याच्यापायी शेड परत सुरू करायची परवानगी अडलीय.”

“पारावर बोला आधी.”

“चुकलं म्हणतो की हितंच.”

“माझं नाव हितं घेतलं नव्हतं. शनिवारी या.”

शनिवारी मारुतीला तेल घालायला सगळी वस्ती येते, म्हणून शनिवार. तो बोलला. मेलेल्या कोंबड्या आपणच तळ्याकाठी टाकल्या, हे खाली बघत सांगितले. मागे ऐकू गेले नाही म्हणून मी त्याला पुन्हा सांगायला लावले.

मग पान फाडून त्याच्या हातात दिले. पाठच्या बाजूच्या नोंदी आदल्या दिवशीच उतरवून घेतल्या होत्या. त्याने तिथेच बारीक तुकडे केले. फोटोचे मी काही बोलले नाही. ते त्याला बाईंच्या अहवालातून कळू दे.

संध्याकाळी दोन शेजारणी चहाला बोलवायला आल्या. मी गेले नाही.