गुलाबची बहीण

सरकारी कचेरीत लग्नाला जावं तशी नटून जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या कारध्याच्या घरमालकीणबाई. शाळाशाळांतल्या विशेष मुलांना शिकवणारी फिरती शिक्षिका म्हणून माझी नेमणूक भंडाऱ्याला झाली, तेव्हा वैनगंगेच्या पलीकडे, कारध्यात, त्यांची मागची खोली मी भाड्यानं घेतली. मी त्यांना मावशी म्हणायची. साठी ओलांडलेली विधवा बाई. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ गुलाब, दोघंच. गुलाब पन्नाशीला आलेला, डोक्यावर पांढरे केस, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. तो लहान होता तेव्हा त्याच्यासारख्यांसाठी जवळपास शाळा नव्हती, माझ्यासारखी कुणी घरी येत नव्हती. होती ती फक्त ही बहीण.

कचेरीत जायचं ठरलं की मावशी पेटीतली मोहाडीची कोशाची रेशमी साडी काढत. गुलाबला इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, सरळ भांग. कामं काय, तर एसटीचा पास नाहीतर पेन्शनसाठी हयातीचा दाखला. एवढा थाट कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "साहेबाईले दिसलं पायजे बाई, का ह्याच्या मागं कोनी हाय." समोरच्या बाबूनं गुलाबबद्दल त्यांना काही विचारलं की त्या ताठ होत. "मले काहून विचारता जी? तो बसला हाय न समोर, त्यालेच विचारा." बाबू बिचारा गुलाबकडे वळायचा, आणि गुलाबनं तोंड उघडायच्या आत मावशी सगळं उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. हे दरवेळी व्हायचं, आणि दरवेळी बाहेर येऊन त्या म्हणत, "पाह्यलं, कसा बोलला."

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत स्वभावाच्या. त्यांनी गुलाबसमोर रंगीत ठोकळे मांडले आणि मोजायला सांगितले. मावशी डॉक्टरांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि गुलाबला बोटांनी खुणा करू लागल्या. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी मावशींना शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, की इथं त्याला जे येत नाही ते बघायचं असतं, जितकं कमी येईल तितके दिव्यांगत्वाचे टक्के जास्त. मावशींनी ठोकळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असी कसी परीक्षा जी ही."

प्रमाणपत्र आलं त्या संध्याकाळी मी शाळेतून परतले तर मावशी गल्लीत पेढे वाटत होत्या. गुलाब पंचाहत्तर टक्क्यांनी पास झाला, असं दारोदार सांगत होत्या. गुलाब नवा शर्ट घालून मागोमाग चालत होता आणि प्रत्येकाच्या पाया पडत होता. लोकांनी पेढा घेतला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर मी हळूच म्हटलं, मावशी, तुम्हाला माहीत आहे ना हे टक्के कसले ते.

"मले समजते बाई," त्या म्हणाल्या. "पन ह्याच्या नावानं पेढे वाटाचा दिवस मले कधी भेटला होता?"

पुढल्या हिवाळ्यात मावशी अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दवाखान्यात होत्या तेवढे दिवस गुलाब उंबऱ्यावर बसून राहिला. शेजारणींनी आणलेलं ताट तसंच परत जायचं, कारण आजवर त्याला घास बहिणीच्याच हातचा माहीत. शेवटी त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा पडल्या पडल्या मावशींनी त्याला भरवलं. त्या घरी आल्यावर मी विषय काढला. गुलाबसारख्या प्रौढांसाठी सरकारी अनुदानावरचं एक निवासगृह आहे, समाजकल्याणकडून मी सगळं करते, म्हटलं. "माह्या घरात राहून मलेच सांगून राहिल्या, का भावाले काढून दे," असं म्हणून त्या उठून गेल्या आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. होळी झाल्यावर एका सकाळी आपणच माझ्या दारात आल्या. "त्या जागेचं काय म्हनत होत्या तुमी?"

आम्ही जागा बघायला गेलो. मावशींनी खाटा दाबून पाहिल्या, स्वयंपाकघरात जाऊन वरण चाखलं, मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये गुलाब तिथं राहायला गेला. सवय होईपर्यंत भेटायला येऊ नका, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. मावशींनी ते पाळलं कसं, ते मी रोज बघत होते.

आषाढात आम्ही भेटायला गेलो. गुलाब कार्यशाळेत चार-पाच जणांबरोबर कागदी पिशव्यांना खळ लावत होता. त्यानं आम्हाला आपली खाट दाखवली, आपला पेला दाखवला, शेजारच्या खाटेवरचा मित्र दाखवला. मावशींनी विचारलं, "गुलाब, घरी येतं का रे?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वतीनं उत्तर न देता थांबल्या. गुलाबनं विचार केला. तेवढ्यात घंटा वाजली. "ताई, तू जाय आता," तो म्हणाला, "माही जेवाची बेल झाली." तो रांगेत जाऊन उभा राहिला, स्वतःचं ताट स्वतः घेतलं आणि मित्राशेजारी जेवायला बसला.

परतीच्या बसमधून लाखनी गाव मागे पडलं. मग मावशी म्हणाल्या, "आपल्या हातानं जेवते बाई तो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगलं झालं." आणि अगदीच हळू विचारलं, "तुमची बदली तं नाही न होत एवढ्यात?"

बदली काही माझ्या हातात नव्हती. तरी मी नाही म्हटलं. मावशींनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर भाताच्या बांध्यांमध्ये रोवणी चालली होती, बाया वाकून धानाची रोपं लावत होत्या. कारधा येईपर्यंत मावशी तिकडेच बघत होत्या.