आठ दिवस पाणी नाही

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सोमादादांच्या आठवणी लिहिता लिहिता मी हळूच चांगला माणूस होऊन बसेन आणि वाचणाऱ्याला ते खरंही वाटेल. चार वर्षांपूर्वी एका कुंडीतल्या झाडाला मी नको तेव्हा पाणी घातलं, झाड कुजलं, आणि ठपका सोमादादांवर बसत असताना मी गप्प राहिलो. गप्प राहिलो हेही पुरतं खरं नाही... एक वाक्य बोललो होतो.

त्यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. बातमी कळली तेव्हा मी चौक गावच्या बाजारात खताची पोती टेंपोत चढवून घेत होतो. टेंपोवाला त्यांच्याच वाडीकडचा. दोर आवळता आवळता म्हणाला, "तुमचा जुना माळी गेला, ठाव हाय ना? सोमा. छातीनं गेला." मी विचारलं, "कोण सोमा?" ठाऊक असून विचारलं. टेंपोवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोराची गाठ मारली.

रसायनीतला कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. कुणाच्या तरी ओळखीने खालापूरजवळच्या एका फार्महाऊसवर देखरेखीचं काम मिळालं. मालकीण मुंबईच्या, वयस्कर, एकट्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्या शनिवार-रविवार यायच्या, बाकीचे दिवस घर आणि दोन एकरांची बाग आमच्यावर. मी व्यवस्थापक म्हणवून घ्यायचो, पण फूल नसलं तर जास्वंद कुठली आणि तगर कुठली हे मला सांगता येत नसे. सोमादादा तिथे माझ्या आधीपासून माळी होते. माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी मी पाइप घेऊन उत्साहाने वाफ्यात उभा राहिलो. ते विडी विझवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, झाडास्नी पाणी पाजताय का आंघोळ घालताय?" स्वयंपाक करणारी सुमन खिडकीतून खो खो हसली. पुढे कितीतरी दिवस ती मला विचारायची, "आज कोणाची आंघोळ?"

व्हरांड्याच्या पायऱ्यांजवळ मातीच्या कुंडीत एक मोठा घायपात होता. राखाडी-निळी जाड पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला काळा काटा. बाई त्याला अगेव्ह म्हणायच्या. त्यांच्या यजमानांच्या ऑफिसातलं ते झाड. यजमान वारल्यावर ते त्यांच्या टेबलावरून घरी आलं तेव्हा एवढंसं होतं म्हणे. सोमादादांना त्याची गंमत वाटायची. "आमी याला बांधावर लावतो, गुरं आत येऊ नये म्हणून. पानातला धागा, वाक, काढून दोर वळतो. आन तुमी त्याला कुंडीत बसवून रोज नमस्कार करता!" पण थट्टा करत असले तरी त्याच्या जवळून जाताना ते कुंडीच्या काठावरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसत.

चार वर्षांपूर्वी त्या कुंडीला तडा गेला. खालच्या भोकातून मुळं बाहेर आली होती, काठाशी नव्या फुटव्यांची, पिल्लांची दाटी झाली होती, आणि वरून पाणी घातलं तर ते मुरायचंच नाही. पावसाळ्याचे दिवस होते. बाई म्हणाल्या, आत्ताच कुंडी बदला. सोमादादांनी साफ नकार दिला. "पावसात याची मुळी उघडली का ते गेलं म्हणून समजा. थंडी सरू द्या. शिमग्याच्या आधी करतो." तोपर्यंत त्यांनी कुंडीला तारेचा वेढा घातला आणि ती व्हरांड्याच्या छपराखाली कोरड्यात ओढून घेतली.

शिमग्याच्या पंधरा दिवस आधी त्यांनी ते काम काढलं. आठवडाभर आधीच पाणी तोडलं होतं. काट्यांच्या टोकांना जुन्या नळीचे तुकडे बसवले, पानं गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधली आणि कुंडी आडवी करून हलक्या हाताने ठोकत झाड बाहेर घेतलं. मुळांचा गच्च गोळा बोटांनी सोडवला, काळी पडलेली मुळं कापली, पिल्लं वेगळी केली. मला वाटलं, आता लगेच लावतील. त्यांनी ते सावलीत तसंच उघडं ठेवून दिलं, तीन दिवस. "जखम सुकू द्या. तुमी काय ओल्या जखमेवर चिखल लावता का?" नवी कुंडी जुनीपेक्षा जेमतेम चार बोटं मोठी. मी मोठी आणली होती, ती त्यांनी परत करायला लावली. "लई मोठी कुंडी म्हंजे लई माती, लई ओल. झाडाला पेलत नाय." निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा, थोडी लाल माती, मूठभर जुनं शेणखत. पानांचा बुडखा मातीच्या वर राहील असा धरून त्यांनी कुंडी भरली आणि वर बारीक खडी पसरली. सगळं कोरडं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ दिवस पाणी नाय. पानं सुकल्यावानी दिसतील. दिसू द्या. तहान लागली का मुळी पाणी शोधाया जाती."

मला ते पाहवलं नाही, हे कारण मी स्वतःला वर्षानुवर्षं देत आलो. खरं कारण वेगळं होतं. शनिवारी बाई यायच्या होत्या, खालची पानं सुरकुतली होती, आणि त्या फोनवर दोनदा म्हणाल्या होत्या, "जपा हं, ह्यांचं झाड आहे." काही न करता बसणं मला निष्काळजीपणा वाटला. शिवाय व्यवस्थापक मी होतो. सोमादादा संध्याकाळी वाडीला निघून गेले की मी कुंडीत एक बादली ओतायचो. असं तीन संध्याकाळी केलं. वर खडी असल्यामुळे ओल दिसायची नाही.

शनिवारी पानं ताठ दिसली. बाई खूश झाल्या. मीही मनात म्हटलं, बघा... पंधरवड्याने झाड एका बाजूला कललं. बाईंनी हात लावला तर मधला कोंब त्यांच्या हातात आला. खाली नुसता पिवळा लगदा, आणि असा वास की सुमनने पदर नाकाला लावला. पिल्लंसुद्धा कुणी जपून ठेवली नव्हती. बाई रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज चिरला. "इतकं पाणी कोणी घातलं?"

व्हरांड्यात आम्ही चौघे उभे होतो. मी, सुमन, वॉचमन आणि सोमादादा. मी म्हणालो, "कुंड्यांचं सगळं सोमादादा बघतात."

त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. सोमादादा म्हणाले, "मी नाय घातलं, बाई." बाई म्हणाल्या, "मग कोरडं झाड कुजलं का? दारू पिऊन काम करता, आणि वर खोटं बोलता." ते प्यायचे, पण कामावर कधीच नाही. हे मला माहीत होतं. मी बाईंच्या चपलांकडे बघत उभा राहिलो. सोमादादांनी दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही असं ठरलं. जाण्याआधी त्यांनी खडी बाजूला करून मातीत बोट घातलं, ते बाहेर काढून पाहिलं आणि धोतराला पुसलं.

आमच्याकडे फार्महाऊसं एकमेकांना लागून आहेत, आणि माळ्याची गोष्ट एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर लगेच जाते. पिऊन झाडं मारतो, एवढंच पसरलं. माळीकाम त्यांना पुन्हा मिळालं नाही. साठीच्या उंबरठ्यावर ते माथेरानला ओझी वाहायला लागले. तिथे गाड्या वर जात नाहीत, हॉटेलांचं सामान माणसांच्या डोक्यावरून आणि घोड्यांवरून जातं. वर्षभराने ते मला कर्जतच्या बाजारात भेटले. मान खांद्यात गेली होती, बोलताना दम लागत होता. मी मनात शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "बाई बऱ्या हायत ना? त्या कुंडीत दुसरं काय लावलं?"

"काही नाही अजून."

"लावा कायतरी. वाळू चांगली हाय तिच्यात." मग माझ्याकडे न बघता, "माती खालपर्यंत ओली व्हती, भाऊ."

मी म्हणालो, "चला, माझी बस आली." बस आली नव्हती.

बातमी कळल्यानंतर दोन आठवड्यांनी मी त्यांच्या वाडीत गेलो. त्यांची बायको चांगुणाबाई दारात बसून नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. बादलीसुद्धा, तीन संध्याकाळीसुद्धा. तिचा हात थांबला नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मला ठाव व्हतं. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं व्हतं."

"मग कोणाला बोलल्या नाहीत?"

"कोण ऐकणार व्हतं? आमी बोललो तर पिऊन बोलतो म्हनणार." तिने सूप खाली ठेवलं. "जिथं बोलला नाय तिथं जाऊन बोला. मी येते संगं. माझ्या कानांनी ऐकायचं हाय मला."

गेल्या रविवारी ती आली. धुतलेलं लुगडं, पायात वहाणा नाहीत. बाई व्हरांड्यात खुर्चीत होत्या, सुमन आणि वॉचमनला मी बोलावून घेतलं. चांगुणाबाईला वर या म्हटलं, ती पायऱ्यांखालीच उभी राहिली. मी बोललो. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. सुमन खाली बघत राहिली. वॉचमन पुटपुटला, "आता काय त्याचं, माणूस गेलं." बाई म्हणाल्या, "मी त्याला दारुडा म्हटलं होतं..." आणि काठी टेकत आत निघून गेल्या. माझी नोकरी राहते की जाते हे अजून मला कळलेलं नाही, आणि विचारायचा धीरही झालेला नाही.

चांगुणाबाई फाटकाकडे चालू लागली होती. मी पायऱ्या उतरून तिच्या मागे गेलो. ती थांबली, वळली नाही. तिच्या पाठीकडे बघतच मी म्हणालो, "चांगुणाबाई, त्यांचं नाव मी घालवलं. त्यांच्या हयातीत मला तोंड उघडता आलं असतं, बाजारात तर ते स्वतः समोर उभे होते. मी उघडलं नाही. आता मी प्रत्येक फार्महाऊसच्या फाटकावर जाऊन हेच सांगणार आहे. पण ते ऐकायला सोमादादा नाहीत, आणि ते मला भरून देता येणार नाही. मला माफ करा म्हणायचा हक्कही राहिलेला नाही... तरी म्हणतो. माफ करा."