बुटकी आणि निळा स्वेटर

माझ्या दादाला गाईची भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून लोकांना वाटतं, हा माणूस जन्मभर गुरांत वाढलेला असणार. कसला वाढलेला! सायकली दुरुस्त करायचं त्याचं दुकान, हात कायम ग्रीसने काळे. गोठ्यात वैरण टाकायची वेळ आली तर दारातूनच भिरकावून पळायचा. गोठा सगळा वहिनीचा. एक गाय, दोन शेळ्या आणि मागच्या जमिनीच्या तुकड्यात लावलेला चारा. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे त्यांच्या संसारातलं सगळं मला ऐकू यायचं. नको तेही.

गाईचं नाव बुटकी. आमच्याकडची जुनी जात ती, आखूड पायांची, तांबूस, रुंद कपाळाची. आजूबाजूच्यांनी एकेक करून अशा गाई विकल्या आणि मोठाल्या काळ्यापांढऱ्या आणल्या, बादल्या भरून दूध देणाऱ्या. वहिनीलाही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती ऐकतेय कसली! "त्यांना पंखा लागतो, औषधं लागतात, पोत्यांनी पेंड लागते. माझी बुटकी उन्हात उभी राहते, मिळेल ते खाते आणि वर मलाच चाटते," म्हणायची. बुटकीची आजी वहिनीच्या वडिलांच्या गोठ्यातली. तिला दोरी धरून, चालत, वहिनीनेच इथे आणलं होतं. त्या घरातलं तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

दादाची एकच कुरकुर. "अगं, तुझ्या अंगाला गाईचा वास येतो." मग दुकानातून येताना अधूनमधून वासाचा साबण आणायचा, गुलाबी कागदातला. वहिनी तो कपाटात ठेवून द्यायची. "पाहुणे आले की काढू," म्हणायची आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

शेवटच्या वेताला बुटकीचं वासरू मेलेलंच जन्मलं. वासरू जवळ नसलं की ह्या जातीची गाय दूध वर ओढून धरते, सडांत उतरूच देत नाही. वहिनीने हार मानली नाही. गोठ्यातला निळा स्वेटर चढवायची, डोक्याला रुमाल बांधायची, बुटकीच्या पोटाला गाल लावून बसायची आणि बोलत राहायची. बोलायची काय, तर दादाच्या चुगल्या! "ऐकलंस का गं, आमचे हे आज परत छत्री विसरून आले. चहात साखर घालायची राहिली, तर तोंड बघ कसं केलं." असं हळू आवाजात चालायचं आणि बुटकी डोळे अर्धे मिटून पान्हा सोडायची. भिंतीपलीकडे मी हसून लोळायचे.

मग वहिनीला ताप आला आणि तो उतरेचना. दवाखान्यात न्यायला जीप बोलावली. जीपमध्ये बसल्यावर तिने दादाचा हात धरला. "बुटकीला आटू देऊ नका. आटली की तुम्ही सगळे मिळून तिला विकून टाकाल." दादा म्हणाला, "नाही विकत. तू आधी बरी होऊन ये." ती आली नाही.

लांब राहणारी त्यांची लेक धावत आली. रडत रडत तिने आईचे कपडे बांधून गरजूंना देऊन टाकले, डोळ्यांसमोर नकोत म्हणून. गोठ्यातल्या खुंटीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. ती परत गेली आणि घरात दादा एकटा उरला. शेळ्यांचं काही नव्हतं, त्या कुणालाही दूध देतील अशा. बुटकी मात्र कुणाला जवळ येऊ देईना. मी गेले, तर अशी लाथ झाडली की बादली एकीकडे आणि मी एकीकडे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन दूध उतरवता येईल. दादा म्हणाला, "तिच्या मनाविरुद्ध? छे, छे. तुझी वहिनी काय म्हणेल मला?" आता वहिनी कुठली काही म्हणायला येतेय!

शेवटी ओळखीच्या म्हाताऱ्या गवळ्याने सुचवलं, "बाईचे कपडे घालून बस. गाय आधी वास घेते, मग माणूस बघते."

दादा त्याच्यावर खेकसलाच. पण संध्याकाळी गोठ्यातून आवाज आला म्हणून मी कुंपणावरून डोकावले. दादा वहिनीचा निळा स्वेटर घालून बसला होता, पोटावर ताणलेला, बाह्या कोपरापर्यंत. डोक्याला रुमाल. खाली मिशी! मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात त्याचा आवाज आला, बारीक केलेला. "ऐकलंस का गं... आमचे हे आज परत छत्री विसरले. काही म्हणजे काही लक्षात राहत नाही त्यांच्या."

बुटकीने मान वळवली. स्वेटरची बाही हुंगली, मग चाटायला लागली, चाटतच राहिली. बादलीत धार वाजली. दादा रडत होता आणि तसाच, त्याच बारीक आवाजात, स्वतःच्या चुगल्या सांगत होता. मी घरात जाऊन तोंड धुतलं.

पुढे रोजचंच झालं. दादाला चांगली धार काढता यायला लागली. गोठ्यात जाताना पाय कापायचे थांबले. एकदा मला म्हणाला, "चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं गं तिच्याजवळ." काय म्हणायचंय ते मी विचारलं, तर म्हणाला, "म्हणजे घरात कुणी आहे असं."

मग लेकीचा फोन. "बाबा, मी येतेय. तुम्हाला घेऊनच जाणार. एकट्याने कसं जमेल तुम्हाला?" झालं! दादा हादरला. आपलं सगळं नीट चाललंय हे तिला दिसलं पाहिजे, म्हणून पहाटेपासून घर धुवायला घेतलं. भांडी घासली, फरशी घासली, चादरी धुतल्या, वहिनीची उशी धुतली. गोठासुद्धा चकचकीत केला. मी बाजारातून परत आले तर दोरीवर निळा स्वेटर वाळत होता आणि शेजारी रुमाल. अंगणभर साबणाचा वास. गुलाबी कागद नळापाशी पडला होता.

"दादा, हे काय केलंस?" मी हातातली पिशवी तिथेच टाकली.

"अगं, बाह्या शेणाने कडक झाल्या होत्या. पोरगी येणार, आईचा स्वेटर तसा बघून तिला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. खूश होता बिचारा. मग माझं तोंड बघून त्याचाही चेहरा उतरला.

संध्याकाळी लेक गोठ्याच्या दारात उभी होती. दादाने स्वेटर घातला, रुमाल बांधला, बसला. बुटकीने बाही हुंगली. फुर्र करून तोंड फिरवलं. दादा छत्रीचं बोलला, साखरेचं बोलला, होतं नव्हतं ते सगळं बोलला. तिने बादली उलथवली. मग त्याने स्वतःच बाहीत नाक खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही. उठला, घरात गेला, उशी हुंगली, चादर हुंगली. सगळीकडे साबण. लेक रडायला लागली. "बाबा, थांबा, मी बसते." ती बुटकीपाशी बसून बोलू लागली. तिचा आवाज हुबेहूब आईचा. बुटकीने कान टवकारले. तिने लेकीकडे नाही, दाराकडे बघितलं आणि हंबरली. हंबरतच राहिली.

त्या दिवसापासून बुटकीने चारा खायचा सोडला. दूध तर आटलंच. लेकीने बाबांना न्यायचा विषय पुन्हा काढला नाही, परत गेली. गवळी येऊन बघून म्हणाला, "हिला इथे ठेवलीस तर दाराकडे बघून बघून मरेल. डोंगरापलीकडे एकाकडे अशाच गाई आहेत. आपल्या जातीत गेली तर खायला लागेल." दादा बुटकीच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "विकणार नाही म्हणून कबूल केलं होतं मी." आणि पुन्हा म्हणाला, "पण मरू दे असंही ती म्हणाली नव्हती." त्याने गाय तशीच दिली, बदल्यात काही घेतलं नाही.

टेम्पो आला. दादाने दावं सोडलं, पण हातातून सुटेना. एकदम त्याने बुटकीच्या मानेला मिठी मारली, तोंड तिच्या मानेत खुपसलं. आम्हाला वाटलं, निरोप घेतोय. तो वास घेत होता. ज्या वासावरून जन्मभर बायकोशी भांडला, तोच.

"काका, उशीर होतोय," टेम्पोवाला म्हणाला. दादाने दोरी त्याच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. दादा रिकाम्या घरात स्वेटर मांडीवर घेऊन बसला होता. कप त्याने तसाच खाली ठेवला.

"आता कुठेही बसलो तरी साबणाचाच वास येतो गं," तो म्हणाला.