शेंडा राखणाऱ्या आक्का

हौसाआक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या आईशी भांडताना. मी अजून शाळेत जात नव्हते. पासली गावात आमची भाताची खाचरं अगदी रानाच्या पायथ्याशी आहेत. भाताचं रोप करण्याआधी वाफ्यावर शेण, डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून तो पेटवायचा आणि भाजलेल्या जमिनीत बी टाकायचं, याला आमच्याकडे राब म्हणतात. त्या राबासाठी आई ऐनाच्या झाडावर चढली होती आणि मी खाली डहाळ्या गोळा करत होते. घाईत आईने झाडाचा शेंडाच उतरवला. तेवढ्यात आक्का आल्या.

"सुमन, अगं डोकंच उडवलंस की त्याचं!"

"फुटंल की परत, आक्का."

"तुजं उडवलं तर फुटंल का?"

आईला झाडावरच हसू फुटलं. आक्का हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतःच्या बांधावरच्या डहाळ्यांचा भारा आमच्या अंगणात आणून टाकला. "राबाला कमी पडायला नगं," एवढंच म्हणाल्या आणि चहाला न थांबता गेल्या. रागावणं आणि भारा आणून देणं एकाच माणसाला कसं जमतं, हे त्या वयात मला कळलं नव्हतं. ते पूर्ण कळलंय असं आजही म्हणवत नाही.

आक्का लग्न होऊन पासलीत आल्या तेव्हा गावावरचा डोंगर बोडका होता, असं जुनी माणसं सांगतात. त्यांनी घरोघर बायकांशी बोलून नियम घालून दिला. डहाळ्या घ्या, पण शेंडा राखा. एकदा तोडलेल्या झाडाला पुढची दोन वर्षं हात लावू नका. नियम मोडणाऱ्याच्या दारात त्या स्वतः जाऊन बसत. भांडत नसत, नुसत्या बसत. घरच्या माणसांना जेवायची चोरी होई आणि पुढच्या वर्षी त्या घरातून शेंडा तुटत नसे.

माझी अक्षरओळख घरीच झाली. आई चुलीतल्या कोळशाने ओट्यावर अक्षरं काढून देई आणि मी ती गिरवत बसे. आक्का जाता-येता थांबून बघत. "ह्या ग ला नीट काठी दे, पडंल त्यो," असं म्हणत. आज मी विंझरला लहान मुलांना शिकवते. मुलांच्या वहीत काठी नसलेला ग दिसला की मीही तेच म्हणते.

आक्कांच्या पंचाहत्तरीला निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने मला विषय दिला तो असा : 'हौसाआक्का आणि गावाचं शाश्वत जीवन'. विषय मोठ्या मानाचा आहे. पण लिहायला बसले आणि माझा गोंधळ सुरू झाला. रान वाढलं, हे खरं. पण ते आक्कांच्या नियमामुळे वाढलं, की तोडणारे हातच, माझ्या भावांचे धरून, पुण्याला नोकरीला गेले म्हणून? सरपण कमी लागतं, कारण घरात गॅस आला. तो सिलिंडर विंझरहून टेम्पोने येतो, आणि पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद झाला की चूल परत पेटते. राब कमी झाला, कारण जनावरं कमी झाली. जनावरं कमी झाली, कारण ती राखायला घरात कुणी उरलं नाही. यातलं शाश्वत काय म्हणायचं? चुकीचं काही छापून येऊ नये म्हणून मी आक्कांनाच विचारायला गेले. त्या तांदूळ पाखडत होत्या.

"रान तुमच्यामुळं वाढलं का, आक्का?"

"मला काय म्हाईत? झाडाला इचार."

"मग मी लिहू काय?"

"डुकरांचं लिही. त्ये सोडून गोड गोड लिवलंस तर तुजा बा हसंल."

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, हसले असते हे खरं. वाढलेल्या रानात रानडुकरं आली. भाताच्या दाण्यात दूध भरलं की रात्रीत ती खाचर लोळवून टाकतात. आमची खाचरं रानाला लागून असल्यामुळे पहिला घाला आमच्यावर येतो. गेल्या हंगामानंतर देवळात गाव बसलं, तेव्हा नाना सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "आक्का, तुमच्या रानानं आमचं भात खाल्लं. यंदा शेवटचं लावतोय. हाती न्हाई लागलं तर खाचरं पडीक टाकायची न् पोरांकडं पुण्याला जायचं."

"माजं रान म्हणतोस, तर डुकरं बी माजीच झाली की," आक्का म्हणाल्या.

"मग बांधा की गोठ्यात!"

सगळे हसले. आक्काही हसल्या. मी मात्र मान वर केली नाही. एकीकडे वडील आणि दुसरीकडे जिने माझा ग उभा केला ती बाई, आणि दोघांचंही म्हणणं मला पटत होतं.

वैशाखात एके सकाळी आमच्या खाचरांच्या वर कोयत्याचा आवाज आला. नानांना वाटलं, कुणी चोरून तोडतंय. आम्ही वर गेलो, तर पदर खोचून आक्का करवंदाच्या जाळ्या तोडत होत्या. जाळ्यांमधली ऐनाची कोवळी झाडंही त्यांनी बुडाशी छाटली होती. रान आणि भात यांच्यामध्ये मोकळी पट्टी राहिली, तर डुकराला दडून खाली येता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो आधी कुणालाही सांगितला नव्हता.

नाना म्हणाले, "आक्का, शेंडा तरी राखायचा."

"ह्येंचा न्हाई राखत. तू हितं राहायला पायजेस."

नानांनी त्यांच्या हातातला कोयता घेतला. पुढचे काही दिवस दोघांनी मिळून पट्टी साफ केली. तुटलेल्या डहाळ्या आमच्याच राबाला आल्या. आक्कांनी मोठी झाडं तेवढी राखली, आणि काम संपल्यावर लहान ऐनांच्या खुंटांवर शेण लिंपलं. ते कशाला, असं मी विचारलं. "फुटतील परत," त्या म्हणाल्या. माझ्या आईचंच वाक्य होतं. त्यांना ते आठवत होतं की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्यांनी केलं ते बरोबर होतं का, हे मला ठरवता येत नाही. हे लिहिताना भात पोटरीला आलं आहे, लोंबी अजून बाहेर पडायची आहे. पट्टी उपयोगी पडेल की नाही, ते कुणालाच माहीत नाही. हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा कापणी झालेली असेल आणि नाना पासलीत राहिले की नाही हे आपल्याला कळलेलं असेल. आज मला एवढंच सांगता येतं की नाना रोज संध्याकाळी पट्टीवर चक्कर मारतात आणि आक्का त्यांच्या आधी तिथे पोचलेल्या असतात.

पंचाहत्तराव्या वर्षी आक्कांना भरपूर आयुष्य आणि डोंगर चढणारे पाय लाभोत. पट्टी उपयोगी पडली, तर आमच्या खाचरातला पहिला तांदूळ मी त्यांच्या घरी नेऊन देईन. नाही पडली, तर नाना पुन्हा देवळात उभे राहून भांडतील. तेव्हा समोर उत्तर द्यायला आक्काच हव्यात. आणि त्या खुंटांना धुमारे फुटतील, तेव्हा त्यांचे शेंडे राखायला कुणी शिकवायचं?