वंदनाची गाठ

वंदना आयुष्यात दोनदा घाबरली. दोन्ही वेळा तिच्या शेजारी मी होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून आमच्या सायकल ग्रुपवर तेच चाललंय. 'बिनधास्त वंदना मॅडम.' 'भीती हा शब्दच माहीत नव्हता.' शिरढोणच्या राइडचे फोटो, त्यात ती सगळ्यांच्या पुढे.

माहीत होता हो. चांगला माहीत होता.

"ग्रुपवर टाकू नको हां," असं तिने मला बजावलं होतं. इतके दिवस नाही टाकलं. आज टाकतेय. काय रागवायचं ते रागव, वंदे.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. वंदना उरणकडची, कोळ्याची मुलगी. पनवेलच्या शाळेत पीटी शिकवायची. मी विचुंब्याची, बँकेतली, जन्माची भित्री. लिफ्टमध्येही कठडा धरून उभी राहणारी.

दोन वर्षांपूर्वी म्हणाली, "पोर्तुगालला जाऊ. आठ दिवस अटलांटिकच्या कडेकडेने. थोडी सायकल, थोडं चालणं."

"आणि मी पडले तर?"

"उचलीन की. मी हाय ना."

एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलायची. मला धीर द्यायचा असला की गावचं यायचं.

पहिले चार दिवस सायकल. उजव्या हाताला कडा, खाली समुद्र, आणि वारा असा की हँडल हातात राहीना. सगळे म्हणत होते, काय व्ह्यू आहे! मी व्ह्यू पाहिलाच नाही. ब्रेकवरची बोटं पाहिली.

पाचवा दिवस चालण्याचा. हॉटेलच्या बाईने एक छापील कागद दिला होता. अकरा ते तीन खालच्या वाळूवरून जाऊ नका, वरच्या वाटेने जा.

वरची वाट अगदी कड्याच्या काठावरून होती.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. "खालून जाऊ ना," असं मीच म्हटलं.

वंदनाने मोबाइलमध्ये तिथी पाहिली.

"त्रयोदशी. तेराचे पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती झाली, आता अकरा वाजले. पाणी उतरतंय."

"पण कागदावर..."

"चंद्र काय यांचा वेगळा हाय? माझा आजोबा याच हिशोबावर होडी काढायचा."

तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. उरणला हे कधी चुकत नाही. पण तो उरणच्या किनाऱ्याचा हिशोब. चंद्र एकच असला तरी तिकडे भरती काही तास उशिरा येते, हे आम्हाला नंतर कळलं.

पाणी उतरत नव्हतं. चढत होतं.

अर्ध्यात पोचलो तेव्हा पुढची वाळू संपली होती. मागे वळलो. मागचीही संपली होती. पाठीशी सरळ उभा कडा.

एका खडकावर चढलो. दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढाच.

मग वंदनाने माझी ओढणी ओढून घेतली. एक टोक माझ्या कमरेला, एक तिच्या. तिच्या बाबांकडून शिकलेली, होडी बांधायची गाठ.

आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना भ्या वाटतं गो."

मला भीती वाटते गं. वंदना म्हणाली हे.

मी आयुष्यभर घाबरत आले, पण तशी नाही. घाबरायला मला कायम कोणीतरी न घाबरणारं लागायचं. तेच गेलं होतं.

एका लाटेने माझे पाय उचलले. मी खडकावरून खाली, पाण्यात. नाकातोंडात पाणी. कमरेला जोराचा हिसका बसला आणि मी तिथेच थांबले. गाठ धरून राहिली. वंदनाने मला वर ओढलं तेव्हा तिचे गुडघे सोलून निघाले होते.

पाणी खरंच उतरायला लागलं तेव्हा दुपार कलली होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "ही गाठ शिकून घे."

मी म्हटलं, "कशाला? तू आहेस की."

पुढच्या वर्षी तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नेण्याआधी तिच्यापाशी पाच मिनिटं मी होते. तिचा भाऊ उरणहून निघाला होता, पोचला नव्हता.

तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं.

"मना भ्या वाटतं गो. बांध ना."

मी बांधली. एक टोक तिच्या मनगटाला, एक माझ्या. नुसती गुंडाळली म्हणा. मला येतच नव्हती ती.

स्ट्रेचर हललं आणि गाठ सुटली. वंदना ऑपरेशनमधून परत आली नाही.

गाठीने माणूस वाचत नाही, कळतं मला. भावानेही हेच सांगितलं. तरी ते टोक तिच्या हातातून सरकताना दिसतं, आणि अंघोळ करताना, बँकेत सही करताना हात थंड पडतात.

त्या भावाकडे महिनाभर दर रविवारी गाठ शिकायला जात होते. "ताई, वरून नाय, खालून घ्या," तो न कंटाळता सांगायचा.

आज सकाळी बाल्कनीच्या गजाला बांधली. सगळं अंग टाकून ओढली. नाही सुटली.

जमली गं, वंदे. पण दुसरं टोक आता कोणाला बांधू?

तुला, आणि फक्त मला दाखवलेल्या तुझ्या भीतीला, माझा नमस्कार. येते.