एका गालावर चांदी, एका गालावर तांबं

अख्ख्या मुखेड तालुक्यात पान्याच्या टँकरपाशी बायांच्या गालाला चमकी लावनारी बाई एकच झाली, ती माझी धाकली जाऊ. दुसरी झाली न्हाई आन् व्हनार बी न्हाई. दुष्काळात लोक जनावरं इकतात, गाव सोडतात. हिनं दुष्काळात पार्लर काढलं. काहून, तर तवा बोलवा उठली व्हती की नवा जिल्हा व्हनार, आपला तालुका त्यात जानार, कचेऱ्या येनार, सायबं येनार. ही म्हनली, "आक्का, सायबं येतील तर बायका घरी ठिवून येतील का? त्यांच्या भिवया कोन करंल?" मी म्हनलं, "बाय, आधी त्यांना प्यायला पानी कोन देईल ते बग." ऐकती कुठली. लातूरला भाचीकडं राहून सा महिने शिकून आली, म्होरच्या खोलीत ऐना लावला, एक खुर्ची ठिवली आन् दारावर पाटी रंगवून घेतली, 'जिल्हा ब्युटी पार्लर'. जिल्ह्याचा पत्ता न्हाई, पाटी मातर तयार.

तिला मानसाचं तोंड दिसलं की बाकी काही दिसत न्हाई. मयतीला गेली तरी रडता रडता शेजारच्या बाईकडं बगायची आन् हळूच कानात म्हनायची, "डावी भिवई जरा जाड हाय तुमची." एकदा म्हशीपाशी कितीतरी येळ उभी राहिली. मला वाटलं धार काढायली. बगते तर नुसतीच म्हशीच्या पाठीकडं बगायली. म्हनली, "आक्का, काळ्यावर उजेड कसा बसलाय बगा. असा बसवायला अक्कल लागती." ती म्हैस बी बेजार झाली तिला.

त्याच साली माझ्या नातीचं लगीन ठरलं. नर्सिंग शिकलेली पोरगी, बोलायला धीट, पर साखरपुड्याला शहरातल्या एका पार्लरवालीनं तिच्या तोंडावर असलं काही फासलं की पोरगी राख लावून बसल्यावानी दिसली. पाव्हन्यातली एक बाई हासली, "पोरगी गिरनीतून आली का काय?" पोरीनं ऐकलं. घरी येऊन फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले आन् म्हनली, "आज्जी, लग्नात माझा फोटो काढायचा न्हाई. मी मानच वर करनार न्हाई." पोरीचा तो सावळा रंग माझा. माझ्याकडून पोराला गेला, पोराकडून तिला. मला तो कुनी कधी चांगला म्हनला न्हाई, मी बी इचारलं न्हाई. पर पोरीनं मान खाली घालावी हे मला सोसंना. जाऊ कवाडात उभी व्हती. म्हनली, "तिची मान वर करायचा जिम्मा माझा."

दुसऱ्या दिशी ती एस.टी.नं लातूरला गेली आन् पिशवीभर डब्या घेऊन आली. त्या पावडरीला हायलायटर म्हनतात, आमी चमकीच म्हनायचो. चांदीवानी, सोन्यावानी, गुलाबी, इटकरी, नुसत्या शेडच शेड. पर एक लावून बगितली की तोंड धुवावं लागतं, तवा दुसरी लावता येती. आन् टँकर यायचा तिसऱ्या दिशी. धुवायला पानी आनायचं कुठून? मग हिनं डोकं चालवलं. तोंड एक असलं तरी गाल दोन. म्हनजे एका बाईवर दोन शेड, आन् दहा बाया टँकरला बसल्यात तर वीस. आमच्याकडं घागरी लाईनीत लावायच्या आन् बायांनी लिंबाखाली बसायचं. ही ब्रश घेऊन फिरायली. कुनाला कोनती लावली ध्यानात राहावी म्हनून त्या त्या बाईच्या घागरीच्या काठाला तीच चमकी बोटानं लावायची. तोंडाचा हिशोब घागरीवर. टँकरवाला आला आन् बगतच राहिला. "मावशी, पानी भरायचंय का वरातीला जायचंय?" ही म्हनली, "तू गाडी सरळ लाव, न्हाईतर तुझ्या नाकाला बी लावीन."

लगीन आठ दिवसांवर आलं तवा टँकरची वाट बगताना ती लिंबाखाली माझ्यापुढं येऊन बसली. "आक्का, पोरीचा रंग तुमचा. तुमच्यावर बसलं की पोरीवर बसलं."

"बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, बाय. ह्या गालाला धूळ ठाऊक हाय, पावडर न्हाई."

"धुळीवर बी बसती, आक्का. गप बसा."

डाव्या गालाला चांदी लावली, उजव्याला काहीतरी तांबूस. तेवढ्यात टँकर आला आन् बाया उठल्या. घागरीला घागर घासली, पानी सांडलं, काठावरच्या खुना पुसून गेल्या. उनात घाम आला तशी बायांनी पदरानं तोंडं पुसली. गर्दी सरल्यावर ही दगडावर बसली, हातात ब्रश. "सगळं वाहून गेलं, आक्का. आता परत पहिल्यापासनं कवा करू?"

दुसऱ्या दिशी सांजंला मी वट्ट्यावर ज्वारी निवडायले, तोंड मावळतीकडं. ही समोरून आली आन् थांबली, म्हशीपाशी थांबली व्हती तशी.

"आक्का, हलू नका. तोंड धुतलं न्हाई?"

"पानी कुठंय धुवायला?"

"मग डावा गाल पुसला आन् उजवा तेवढा ठिवला? पानी बी गाल बगून सरतं व्हय?"

मी ज्वारीतले खडे बगायले. चांदीनं मी राखंवानी दिसत व्हते, तो गाल पुसला. उजवा ऐन्यात बगितला, परत एकदा बगितला, आन् पुसायला हातच उठला न्हाई. ह्या वयात.

ती पळत जाऊन पिशवी घेऊन आली. एकेक डबी उघडून माझ्या उजव्या गालाशेजारी धरून रंग जुळवून बगायली. दहाव्या का अकराव्या डबीला वरडली, "हीच!" जुन्या तांब्याच्या कळशीवर ऊन पडावं तशी ती शेड.

लग्नाच्या दिशी पांढऱ्या साडीतली नात ऐन्यापुढं बसली. जावंनं गालाच्या हाडावर दोनदा ब्रश फिरवला, बस. पोरगी लई येळ बगत राहिली. म्हनली, "धाकल्या आज्जी, ही तर मीच हाव." बुद्धविहारात फोटोवाला 'मान वर' म्हनायच्या आधी मान वर व्हती.

नवा जिल्हा अजून आला न्हाई. पाटीवरलं 'जिल्हा' उनानं पुसट झालंय. पर चार गावच्या सावळ्या नवऱ्या तिच्याकडं येतात, आन् ती परतेकीला आधी म्हशीची गोष्ट सांगती. आता तिला बी नीट दिसत न्हाई, मोतीबिंदू झालाय. ती तांबूस डबी तिनं मलाच दिली, तळाचा पत्रा दिसायलाय तिच्यात. सांजंला कधीमधी येऊन वट्ट्यावर बसती आन् म्हनती, "आक्का, जरा उजेडाकडं तोंड करा."

मी म्हनते, म्हातारीच्या तोंडात काय बगायचं राहिलंय. म्हनते, आन् तोंड उजेडाकडं करते.